कॅनव्हासची पाठ आधी बघा: मूळ चित्र घरी आणणाऱ्या नवख्यांसाठी

हाताने रंगवलेलं चित्र पहिल्यांदाच विकत घ्यायचं ठरलं की बहुतेक जण एकच विचार करतात: भिंतीवर ते कसं दिसेल? विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कॅनव्हासवरचं चित्र ही लाकडी चौकट, त्यावर ताणलेलं कापड, कापडावरचं अस्तर आणि रंगाचा थर अशी एक वस्तू असते. चित्रकाराच्या खोलीतून तुमच्या भिंतीपर्यंत येताना ती कितीतरी हातांतून आणि वेगवेगळ्या हवामानांतून जाते. ती धड पोहोचेल का आणि पुढे वीस-तीस वर्षं टिकेल का, हे समोरून फारसं कळत नाही, मागून कळतं. म्हणून या लेखात चित्राच्या पाठीबद्दल जरा जास्तच बोलणं होईल. कोणतं चित्र चांगलं आणि कोणता चित्रकार मोठा, हे मात्र तुमच्या डोळ्यांवर सोडलं आहे.

१. चित्र कशाचं बनतं ते आधी समजून घ्या

कॅनव्हासचं कापड मुख्यतः दोन प्रकारचं असतं, जाड सुती किंवा लिनन. सुती स्वस्त पडतं आणि सहज मिळतं. लिननचा धागा लांब आणि मजबूत असतो. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला तरी चांगलं लिनन आपला ताण बराच काळ धरून ठेवतं, म्हणून महागड्या चित्रांत ते जास्त दिसतं. पण सुती म्हणजे कमअस्सल असं समजू नका. नीट अस्तर दिलेलं जाड सुती कापड उत्तम टिकतं.

गंमत अशी की लिननचा धागा आणि तैलरंगात मिसळलेलं तेल ही दोन्ही एकाच रोपाची देणगी, जवसाची. आणि तेच तेल थेट कापडात मुरलं तर काही वर्षांत कापड ठिसूळ करून टाकतं. त्यामुळे कोऱ्या कापडावर आधी सरस किंवा तत्सम पातळ लेप देतात आणि त्यावर पांढरं अस्तर चढवतात. पूर्वी हे अस्तर खडू आणि प्राण्यांच्या सरसाचं असे. १९५०च्या दशकात अ‍ॅक्रिलिक जेसो बाजारात आला आणि आज बहुतेक चित्रकार तोच वापरतात. विकणाऱ्याला "अस्तर कशाचं आहे?" असं विचारलंत तर उत्तर दोन शब्दांत मिळायला हवं. ते मिळालं नाही तर माणूस चित्रकार नसून मधला विक्रेता आहे, एवढं तरी समजतं.

कापड ज्या चौकटीवर ताणतात तिला स्ट्रेचर म्हणतात. हिचेही दोन प्रकार आहेत. एकात चारही कोपरे खिळे किंवा डिंक मारून पक्के केलेले असतात. दुसऱ्यात कोपरे नुसते एकमेकांत अडकवलेले असतात आणि प्रत्येक कोपऱ्याच्या आतल्या बाजूला छोट्या लाकडी पाचरी बसतात, कोपऱ्याला दोन म्हणजे एकूण आठ. कापड ढिलं पडलं की या पाचरी हलक्या हाताने ठोकायच्या. कोपरे किंचित उघडतात आणि कापड पुन्हा ताणलं जातं. मोठं चित्र घेत असाल तर पाचरींचीच चौकट मागा. एखादी बाजू मीटरभराहून लांब असेल तर मधे आडवी पट्टीही हवी, नाहीतर लाकूड आत वाकतं.

आता रंग. अ‍ॅक्रिलिक रंगातलं पाणी उडून गेलं की तो वाळतो, म्हणजे काही मिनिटांत किंवा तासांत. तैलरंगाचं तसं नसतं. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होतं. वरून हाताला कोरडं लागायला दिवस किंवा आठवडे लागतात आणि जाड थर आतपर्यंत पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त. शेवटचं संरक्षक व्हार्निश परंपरेने सहा ते बारा महिन्यांनी देतात ते याच कारणाने. तेव्हा तैलरंगातलं ताजं चित्र "पुढच्या आठवड्यात पाठवतो" असं कुणी म्हणालं, तर चित्र पातळ थरांत केलंय की सुरीने जाड थापलंय हे विचारून घ्या. दुसरं असेल तर थोडं थांबणं तुमच्याच फायद्याचं.

२. मूळ, प्रत आणि छपाई यांतला फरक ओळखा

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

कॅनव्हासवरची छपाई आज इतकी सुंदर होते की मोबाइलच्या पडद्यावर ती मूळ चित्रापासून वेगळी काढता येत नाही. छपाई घेण्यात गैर काहीच नाही, फक्त ती छपाई म्हणून आणि छपाईच्या किमतीला घ्यावी. खरी अडचण मधल्या प्रकारांची आहे. एक प्रकार असा की छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारायचे, म्हणजे हाताला उंचसखलपणा लागतो. दुसरा प्रकार असा की चित्र खरोखरच हाताने रंगवलेलं असतं, पण तेच चित्र तसंच्या तसं शेकडो वेळा रंगवून विकलेलं असतं. जाहिरातीत "शंभर टक्के हाताने रंगवलेलं" असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण हाताने रंगवलेलं म्हणजे मूळ नव्हे. मूळ म्हणजे ती कल्पना, ती मांडणी त्या चित्रकाराची आणि ते चित्र एकच.

हा दुसरा प्रकार ओळखायला सोपा उपाय आहे. चित्राचा फोटो इंटरनेटवर प्रतिमाशोधात टाका. तेच चित्र चार वेगळ्या दुकानांत, चार वेगळ्या मापांत दिसलं की विषय संपला.

चित्र समोर असेल तर खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला, कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरा. प्रकाश तिरका पडला की पृष्ठभागाचा सगळा इतिहास उठून दिसतो. ब्रशचा फटकारा जिथे सुरू झाला तिथे रंग जाड आणि जिथे उचलला तिथे विरळ, खालच्या रंगाची कड वरच्या रंगातून डोकावणारी, कुठे पुसून पुन्हा रंगवल्याची खूण. आता हे उंचवटे आणि रंग एकमेकांशी जुळतात का ते बघा. निळ्या पाकळीची कड जिथे संपते तिथेच उंचवटाही संपायला हवा. जेलचे फटकारे मारलेल्या छपाईत उंचवटा एका दिशेने जातो आणि रंगाची कड दुसऱ्याच दिशेने. मग भिंगातून किंवा मोबाइलच्या सगळ्यात जवळच्या फोकसमधून एखादी सौम्य छटा पाहा. छपाई असेल तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसेल. रंग असेल तर रंगच दिसेल, फार तर त्यात अडकलेला ब्रशचा एखादा केस.

आणि मग चित्र पालटा. चौकटीच्या कडांवर ओघळ, बोटांचे ठसे, जेसोचे शिंतोडे असतील तर ते शुभलक्षण समजा. मागच्या बाजूला चित्रकाराच्या हातचं नाव, वर्ष, शीर्षक, माध्यम असतं. सहीपेक्षा मी या मागच्या मजकुरावर जास्त विश्वास ठेवतो. समोरची सही कुणीही छापू शकतं, पण पाठीवर कोण कशाला मेहनत घेईल!

३. घ्यायचं कुठून

थेट चित्रकाराकडून, गॅलरीतून, ऑनलाइन बाजारातून किंवा सांगून करवून. चारही मार्ग चालतात.

गॅलरी साधारण विक्रीच्या चाळीस ते पन्नास टक्के रक्कम स्वतःकडे ठेवते. आकडा ऐकून धक्का बसतो, पण त्यात जागा, प्रकाशयोजना, प्रदर्शन, ग्राहकांशी बोलणं आणि कागदपत्रं हे सगळं येतं. गॅलरीत पाहिलेलं चित्र नंतर चित्रकाराला गुपचूप गाठून कमी किमतीत मागण्याचा मोह टाळा. बहुतेक चित्रकारांचा गॅलरीशी करार असतो आणि ते आपल्या खोलीतूनही त्याच किमतीला विकतात. सवलत हवी तर गॅलरीलाच सरळ विचारा, हप्त्यांची सोयही विचारा. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, तिथे रोज विचारलं जातं.

थेट चित्रकाराकडे जाण्यात एक मोठा लाभ आहे: एकाच माणसाची पाच-पंचवीस कामं एकत्र बघायला मिळतात. ऑनलाइन आवडलेलं चित्र तिथे कदाचित फिकं वाटेल आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं दुसरंच आवडेल.

सांगून चित्र करवून घेणार असाल तर माप, माध्यम, मुदत, आगाऊ रक्कम, कच्चं रेखाटन किती वेळा बदलून मिळेल आणि मधेच काम थांबलं तर काय, हे सगळं लिहून घ्या. साधा ईमेल पुरतो. आणि एकदा रेखाटन मान्य केलं की चित्रकाराला मोकळं सोडा. "इथे थोडा गुलाबी टाका ना" हे वाक्य दर आठवड्याला पाठवणाऱ्यांना शेवटी धड त्यांचंही नाही आणि चित्रकाराचंही नाही असं चित्र मिळतं.

४. पैसे देण्याआधी

पडद्यावरच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक मोबाइल रंग वेगळे दाखवतो. विकणाऱ्याकडून एवढं मागवा:

- दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढलेला पूर्ण चित्राचा फोटो
- एका कोपऱ्याचा जवळून फोटो आणि चारही कडांचे फोटो
- पाठीचा फोटो, ज्यात चौकट, कोपरे आणि मागचा मजकूर दिसेल
- चित्र हातात धरून तिरकं फिरवलेला छोटा व्हिडिओ, म्हणजे चमक आणि मापाचा अंदाज येतो
- कापड, अस्तर, रंग आणि व्हार्निश यांची माहिती

शेवटच्या मुद्द्यातला रंगांचा भाग महत्त्वाचा आहे. सगळे रंग प्रकाशात सारखे टिकत नाहीत. व्हॅन गॉगने १८८८ साली आपल्या शयनगृहाचं चित्र केलं तेव्हा भिंती जांभळट होत्या. त्यातला लाल रंगद्रव्याचा अंश उडून गेला आणि आज त्या आपल्याला निळ्या दिसतात. चांगल्या रंगाच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि प्रकाशात टिकण्याची श्रेणी छापलेली असते. उदाहरणार्थ पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा, तो पक्का. पीआर ८३ म्हणजे जुन्या पद्धतीचा अलिझरिन लाल, तो कच्चा. तुम्हाला हे पाठ करायची गरज नाही. "प्रकाशात टिकणारेच रंग वापरता ना?" एवढं विचारा. कामाची कदर असलेला चित्रकार या प्रश्नाने नाराज होत नाही, उलट खुलतो.

माप ठरवायला वर्तमानपत्राचे कागद जोडून चित्राएवढा तुकडा कापा आणि कागदी टेपने भिंतीवर दोन-तीन दिवस लावून ठेवा. बहुतेकांना कळतं की आपण फारच छोटं चित्र निवडलं होतं.

५. कागदपत्रं

चित्रासोबत दोन कागद हवेत: पावती आणि अस्सलपणाचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर चित्रकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप, चित्राचा छोटा फोटो आणि चित्रकाराची सही असावी. "हे चित्र अस्सल आहे" एवढंच लिहिलेल्या सोनेरी किनारीच्या कागदाला काही किंमत नाही.

आणखी एक बाब अनेकांना ठाऊक नसते. चित्र विकत घेतलं म्हणजे ती वस्तू तुमची झाली, तिच्या प्रती काढण्याचा हक्क तुमचा झाला नाही. वेगळा लेखी करार नसेल तर तो हक्क साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो. १८८६च्या बर्न कराराच्या, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, चौकटीत तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर किमान ५० वर्षं टिकतो, आणि अनेक देशांनी ही मुदत त्याहून लांबवली आहे. त्यामुळे घरात टांगा, पाहुण्यांना दाखवा, पुढे विका, पण त्याचे मग आणि टी-शर्ट छापू नका. काही देशांत तर पुनर्विक्रीच्या रकमेतला छोटा वाटाही चित्रकाराला मिळतो. फ्रान्सने असा कायदा १९२० साली केला.

चित्र परदेशातून येणार असेल तर जकातीच्या कागदांवर वर्णन नीट हवं. पूर्णपणे हाताने केलेली चित्रं जगभरच्या शुल्कवर्गीकरणात ९७०१ या शीर्षकाखाली येतात. तिथे नुसतं "घरसजावट" लिहिलं तर वेगळाच कर लागू शकतो आणि खोका अडकून पडतो तो वेगळाच. हे काम पाठवणाऱ्याचं आहे, पण आठवण तुम्ही करा.

६. बांधणी: चित्र खराब होतं ते बहुधा इथे

बांधणी विकणाराच करतो, तरी ती कशी असावी हे तुम्हाला माहीत हवं, कारण आधी विचारता येतं आणि नंतर भांडताही येतं.

पहिला नियम: रंगाला प्लास्टिक लागता कामा नये. अ‍ॅक्रिलिकचा थर उष्णतेत मऊ आणि चिकट होतो. बबल रॅप थेट गुंडाळला आणि खोका दोन दिवस तापलेल्या गाडीत राहिला, तर चित्रावर गोल गोल बुडबुड्यांची नक्षी कायमची उमटते. थंडीत उलटं होतं. तापमान पाच अंशांच्या खाली गेलं की अ‍ॅक्रिलिक ताठ आणि ठिसूळ होतं आणि धक्क्याने तडकू शकतं. म्हणून चित्राला आधी ग्लासीन पेपर, तो गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद जो रंगाला चिकटत नाही. ताज्या किंवा जाड रंगाच्या चित्राला तोही टेकू देत नाहीत. कडांवर उंच कोपरे बसवून कागद रंगापासून अधांतरी ठेवतात. मग पुठ्ठ्याचे किंवा फोमचे कोपरे, मग समोर आणि मागे चित्राहून थोडा मोठा कडक पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड, आणि त्यावर बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. हे सगळं एका खोक्यात, आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे चारही बाजूंनी साधारण पाच सेंटिमीटर भरण.

समोरचा कडक पुठ्ठा का, असं विचाराल. कॅनव्हासला सगळ्यात मोठा धोका टोकदार वस्तूचा असतो. दुसऱ्या खोक्याचा कोपरा नुसता टेकला तरी कापडावर खळगा पडतो. तो नंतर कसाबसा भरून आला तरी त्या जागी रंगाला गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, कधी लगेच तर कधी काही वर्षांनी.

मोठ्या चित्राला लाकडी पेटी लागते. ती देशाबाहेर जाणार असेल तर लाकडावर कीडनियंत्रणाची आंतरराष्ट्रीय मोहर लागते. उष्णतेच्या नेहमीच्या पद्धतीत लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं असावं, असा तो नियम आहे. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून पुष्कळ जण प्लायवूडच्याच पेट्या करतात. फक्त तिला आधाराला साध्या लाकडाच्या पट्ट्या मारल्या असतील तर त्या पट्ट्यांना नियम लागतो.

चित्र चौकटीवरून काढून गुंडाळूनही पाठवता येतं. पूर्वी चित्रं लाकडी फळीवर रंगवत. कॅनव्हासने त्या फळीला मागे टाकलं त्यामागे कापड हलकं आणि गुंडाळता येण्यासारखं असणं हे एक मोठं कारण होतं. इटालियन चित्रकार व्हेरोनीजचं १५६३चं 'काना येथील विवाह' हे जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद चित्र १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसहून पॅरिसला नेलं. एवढी मोठी लाकडी फळी कोण हलवणार होतं? पण गुंडाळणीची पथ्यं आहेत. रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत नाही. आत ठेवली तर रंगाचा थर चुरमडतो आणि उलगडताना पोपडे सुटतात. बाहेर असला तर तो किंचित ताणला जातो आणि उलगडल्यावर पूर्ववत होतो. नळी जाड हवी, निदान पंधरा सेंटिमीटर व्यासाची, आणि ती दुसऱ्या नळीच्या आत. जाड थापलेला रंग, ओला तैलरंग किंवा जुनं चित्र गुंडाळूच नये. आणि गुंडाळलेलं चित्र घरी आल्यावर ते पुन्हा ताणायला चौकटकार शोधावा लागतो, तो खर्च आधीच धरा.

विमा वेगळा विचारा. पुष्कळ कुरिअर कंपन्यांच्या अटींत कलावस्तूंची भरपाई एका छोट्या रकमेपुरती मर्यादित असते किंवा मुळीच नसते. अटी वाचायला कंटाळा येतो, पण हे एक कलम शोधून वाचा.

७. खोका आला की

सही करण्याआधी खोका चारही बाजूंनी बघा. कोपरा दबलेला, भोक पडलेलं, ओल लागलेली दिसली तर फोटो काढा आणि पोचपावतीवर तसं लिहा. बाहेर कडक थंडी किंवा कडक ऊन असेल तर खोका घरात आणून न उघडता एक दिवस तसाच ठेवा. थंड कॅनव्हास एकदम उबदार खोलीत उघडला की त्यावर दव धरतं.

उघडताना लांब पात्याचा कटर वापरू नका. पातं टेपच्या जाडीएवढंच बाहेर काढा आणि कडेनेच कापा. चित्राच्या मध्यावरून पातं फिरवणारी माणसं असतात. हात स्वच्छ, अंगठी आणि घड्याळ काढलेलं. चित्र उचलताना बाजूच्या कडांना धरा. चौकट आणि कापड यांच्या मधल्या फटीत बोटं घालू नका, समोर त्याचे फुगवटे उमटतात.

मग पुन्हा तोच टॉर्च. तिरक्या उजेडात खळगे, तडे, सुटलेला रंग बघा, पाठ बघा, मागवलेल्या फोटोंशी ताडा. काही बिघडलं असेल तर त्याच दिवशी कळवा. परतीची मुदत संपेपर्यंत खोका आणि सगळं भरण जपून ठेवा.

कापड थोडं ढिलं वाटलं तर घाबरू नका, प्रवासात तसं होतं. आधी चार-आठ दिवस खोलीच्या हवेत राहू द्या, बरेचदा ते आपोआप ताणलं जातं. नाहीच झालं तर पाचरी. चित्रासोबत एखादी बारीक पिशवी आली असेल आणि तीत लाकडाचे त्रिकोणी तुकडे असतील, तर त्या याच. कचरा समजून फेकू नका. चित्र मऊ कापडावर उभं धरा, लाकूड आणि कॅनव्हास यांच्या मधे पातळ पुठ्ठा सरकवा, म्हणजे हातोडी निसटली तरी कापडाला लागणार नाही. मग प्रत्येक कोपऱ्यात एकेक हलका ठोका, सगळीकडे सारखा. एकाच कोपऱ्यात जोर लावलात तर चौकट तिरकी होईल. कापड ताठ वाटलं की थांबा, ढोलकीसारखं वाजेपर्यंत ठोकायचं नाही. काम झाल्यावर पाचरी पक्क्या बसल्यात ना ते तपासा. सैल पाचर निसटून खालच्या पट्टीमागे पडते आणि काही महिन्यांनी चित्राच्या तळाशी एक गूढ टेंगूळ दिसायला लागतं.

मागून पाणी फवारून कापड ताणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. कापड आकसतं खरं, पण अस्तर आणि रंग त्याच्यासोबत आकसत नाहीत.

८. फ्रेम लावायची का?

लावलीच पाहिजे असं नाही. जाड चौकटीवर कडांपर्यंत रंगवलेलं चित्र तसंच शोभतं. फ्रेम हवी असेल तर कॅनव्हासला तरंगती फ्रेम उत्तम, ज्यात चित्राभोवती काही मिलिमीटरची फट राहते आणि कडाही दिसतात. तैलचित्राला काच सहसा लावत नाहीत. मागे मात्र पुठ्ठ्याचं किंवा फोमबोर्डाचं पाठबळ जरूर लावा. धूळ अडते, मागून धक्का लागत नाही, ओलाव्याचे चढउतारही सौम्य होतात. इतक्या कमी खर्चात चित्राचं इतकं भलं करणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

९. टांगणं

जागा आधी ठरवा. थेट ऊन पडणारी भिंत नको, शेगडीजवळ, हीटरवर किंवा न्हाणीघराला लागून नको, ओल धरणारी बाहेरची भिंत नको. संग्रहालयं तैलचित्रांवर साधारण २०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात. घरातला नेहमीचा संध्याकाळचा दिवा बहुधा याच्या आतच असतो, खिडकीतून येणारं ऊन मात्र याच्या कितीतरी पट असतं. दिवा लावायचा तर एलईडी, आणि थोडा लांबून.

उंचीचा ढोबळ नियम असा: चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटिमीटरवर. सोफ्यावर लावत असाल तर सोफ्याची पाठ आणि चित्राची खालची कड यांत पंधरा-वीस सेंटिमीटर पुरेत. लोक चित्रं फार उंच लावतात, जणू घड्याळच आहे.

चौकटीच्या मागे दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, डी आकाराच्या कड्या बसवा. हलक्या चित्राला त्यांतून तार ओवली तरी चालते. जड चित्र तारेपेक्षा दोन कड्यांवर आणि दोन हुकांवर टांगा, म्हणजे ते तिरकं होत नाही आणि एक हुक सुटला तरी दुसरा धरतो. वीट-सिमेंटच्या भिंतीला ड्रिल, प्लग आणि स्क्रू. पोकळ पार्टिशनला त्याच्यासाठीचे खास अँकर. नुसता खिळा ठोकून मोठं चित्र लावू नका. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची किंवा फेल्टची टिकली चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते.

१०. पुढची देखभाल

महिन्या-दोन महिन्यांनी कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने वरून खाली धूळ झटका. ओलं फडकं नाही, काच पुसायचा स्प्रे नाही, पिसांचा झाडू नाही, त्याची तुटकी पिसं रंगात अडकतात आणि ओरखडतात. एखादा रंगाचा पापुद्रा उचललेला दिसत असेल तर ब्रशही लावू नका. खोलीतली आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांत राहिली तर उत्तम. एकदम होणारे चढउतार मात्र जास्त छळतात, कारण लाकूड, कापड आणि रंग वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि आकसतात.

तैलचित्र व्हार्निशशिवाय आलं असेल तर वर्षभराने चित्रकाराला त्याबद्दल विचारा, अनेक जण ते स्वतः करून देतात. हल्लीची चांगली व्हार्निशं झाडापासून मिळणाऱ्या जुन्या डामर राळेसारखी पिवळी पडत नाहीत आणि पुढे कधी मळली तर तज्ज्ञाला काढून नवीन देता येतात. घरी दुकानातून आणलेलं फर्निचरचं व्हार्निश लावायचा विचारही करू नका.

पावती, प्रमाणपत्र, चित्रकाराशी झालेला पत्रव्यवहार आणि घरी आल्यावर काढलेले पुढचे-मागचे फोटो एका पाकिटात ठेवा, आणि ते पाकीट चित्राच्या मागे चिकटवू नका. चित्र हरवलं तर पुरावाही त्याच्यासोबत जायचा.

आणि कधी कापड फाटलंच, तर चिकटपट्टी लावू नका, ना पुढून ना मागून. तिचा डिंक कापडात मुरतो आणि मग दुरुस्ती दुप्पट अवघड होते. चित्र भिंतीवरून उतरवून, रंगाची बाजू वर करून सपाट ठेवा. खाली पडलेले रंगाचे कण, कितीही बारीक असले तरी, ओल्या बोटाने न टिपता स्वच्छ कागदावर सरकवा आणि छोट्या डबीत भरा. त्या डबीवर चित्राचं नाव लिहा आणि चित्रासोबतच कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे, द्या.